एकेचाळीस नंबरचं भात

सोमवार, १४ जून २००४. हजर: सर, मी, प्रयोगशाळेतले मदतनीस मामा, सुरगाण्याच्या मावशी. गैरहजर: एकेचाळीस नंबरची पुडी.

माझ्या त्या वर्षीच्या डायरीत ही नोंद अशीच आहे. शेवटचं वाक्य मात्र मी दोन दिवसांनी, दुसऱ्या शाईने लिहिलं. सरांबद्दल लिहायचं तर तिथूनच सुरुवात करावी लागेल, पण त्याआधी सर कसे होते ते सांगते.

आमची प्रयोगशाळा नाशिकला, द्वारकेच्या चौकाजवळ, टेम्पोचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानाच्या वर होती. तीन खोल्या, दोन संगणक, एक फ्रिज, आणि दिवसभर खालून हॉर्न. माझं काम नोंदी ठेवण्याचं. कुठला नमुना कधी आला, कुणी आणला, किती वापरला, किती उरला. याद्या करण्याची सवय मला शाळेपासूनची, त्यामुळे काम मानवलं. सर मला ‘यादीबाई’ म्हणत. चारचौघांतसुद्धा.

पोटापाण्याचं काम द्राक्षांचं होतं. पिंपळगावचे बागायतदार कलमांची पानं आणून देत आणि आम्ही ती सांगितलेल्या जातीचीच आहेत का ते तपासून देत असू. सरांच्या जिवाचं काम वेगळं होतं. पश्चिमेच्या डोंगरातली जुनी भातं गोळा करायची आणि त्यांची अक्षरं वाचायची. दाणे खलात कुटायचे, त्यातून डीएनए काढायचा, त्याचा एक ठरलेला तुकडा यंत्रात वाढवायचा आणि नळ्या वाचनासाठी दुसऱ्या शहरात पाठवायच्या. दोनतीन आठवड्यांनी सीडी यायची. तीत प्रत्येक भाताची ए, टी, जी, सी अशी अक्षरं. संगणक ती एकाखाली एक लावून कोण कुणाचं जवळचं नातलग ते काढून द्यायचा.

संगणकाचं हे काम झालं तरी सरांचं समाधान होत नसे. ते जेवण झाल्यावर, बरोबर एक वाजता, खिडकीशी उभे राहून ती अक्षरं मोठ्याने वाचत. पाढे म्हणावेत तशी. “डोळा चुका गिळतो, कान गिळत नाही,” असं त्यांचं म्हणणं. खरंच दोनदा त्यांनी नुसत्या कानाने चूक पकडली होती.

पिंपळगावच्या एका अण्णांनी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा पायरीवरच चपला काढल्या.

“मॅडम, सर पोथी लावून बसलेत काय?”

“वंशावळ वाचतोय,” सर आतून म्हणाले. “तुमचीही वाचीन. एक केस उपटून द्या.”

“नको बाबा! नसते काके-पुतणे निघायचे.”

सर उंच, किंचित वाकलेले, आणि बारा महिने एकच स्वेटर. कॉफीच्या रंगाचा, बिनबाह्यांचा, दोन खिशांचा. मे महिन्यातही. आम्हाला हातमोज्यांशिवाय नळीला हात लावू देत नसत आणि स्वतः बोटं त्या स्वेटरला पुसत. मी हे दोनदा लेखी निदर्शनास आणलं होतं. दोन्ही कागदांवर ‘वाचले’ असं लिहून त्यांनी परत दिले.

त्यांचं आणखी एक वाक्य होतं: “मजकूर उतरवून घेतला की पाकीट फेकायचं.” ते हे शब्दशः पाळत. घरी आलेलं पत्र संगणकात उतरवून घेत आणि कागद फाडून टाकत. गेलेल्या आईची सगळी पत्रं त्यांनी अशीच उतरवून घेतली आणि मूळ पत्रं रद्दीत दिली. मी विचारलं, “अक्षर नाही का आठवणार?” तर म्हणाले, “अक्षरंच तर ठेवलीत.” बियांबद्दलही तेच मत. दाणा म्हणजे पाकीट.

आणि तिसरी गोष्ट, रिकामं पान. नमुन्यांच्या प्रत्येक फेरीत एक नळी अशी ठेवावी लागते की जिच्यात सगळी रसायनं असतात, पण कुठल्याही झाडाचा कण नसतो. नुसतं पाणी. शेवटी तपासताना या नळीत काहीही दिसता कामा नये. दिसलं, तर कुठेतरी सरमिसळ झाली. सगळीकडे तिला ब्लँक म्हणतात. सर म्हणत, “पंगतीत एक पान रिकामं ठेवायचं. त्यावर कुणी जेवून गेलं, तर समजायचं की घरात घोळ आहे.” ते त्या नळीवर नंबर घालत नसत, फक्त एक छोटा गोल काढत.

मावशींकडे आम्ही पहिल्यांदा गेलो ते आदल्या वर्षी भातकापणीच्या सुमारास. सुरगाण्याच्या पुढे जीप जिथे थांबते तिथून चालत पाऊण तास. मावशी पन्नाशीच्या, काटक, बोलायला चटपटीत. छपराच्या आडव्या लाकडाला वाळलेले भोपळे ओळीने टांगलेले, प्रत्येकात वेगळं बी आणि प्रत्येकाच्या देठाला वेगळ्या रंगाची चिंधी. एकही अक्षर लिहिलेलं नाही. मी मुद्दाम मधला एक भोपळा दाखवून विचारलं, तर कुणाकडून आलं, कधी पेरतात, कुणाला दिलं, सगळं घडाघडा सांगितलं. मी मनात म्हटलं, ही बाई माझ्यापेक्षा पक्की आहे.

काळ्या चिंधीच्या भोपळ्यातून त्यांनी दोन मुठी काढून दिल्या. बारीक, काळपट तुसाचे दाणे.

“ह्ये रोजच्या खाण्याचं नाय,” त्या म्हणाल्या. “झऱ्याजवळ येकच वावर हाय, तिथंच येतंय. नवं भात निघालं का घरच्या गेलेल्या माणसांना ह्याचा येक घास. वर्सातून येकदा. दुसरं भात त्यांना चालत नाय.”

“किती द्यायचे?” सरांनी पाकिटाला हात घातला.

“इकत नाय देत. उसनं हाय. लागलं का मागीन.”

मी रजिस्टरमध्ये लिहिलं: नमुना ४१. उसना. परत करणे.

प्रत्येक पुडीचा नियम असा होता: अर्धी कुटायची, अर्धी फ्रिजमध्ये. एकेचाळीस नंबरची अर्धी पुडी मी बाजूला काढली, वर नंबर घातला, टेबलावर ठेवली आणि रजिस्टरमध्ये ‘फ्रिजमध्ये ठेवले’ या रकान्यात खूण केली. मग फोन आला. ही माझी जुनी सवय होती. काम होणारच आहे म्हणून खूण आधी करायची. वीस वर्षांत तिने मला एकदाही दगा दिला नव्हता.

फेब्रुवारीत अक्षरं आली. एकेचाळीसमध्ये तीन ठिकाणी अशी अक्षरं होती की आमच्याकडच्या दुसऱ्या कुठल्याही भातात ती नव्हती. संगणकाने काढलेल्या वंशावळीत ते एकटंच, लांब, एका काडीच्या टोकाला. सर आठवडाभर तेच वाचत होते.

आता चौदा जून. मावशी जिना चढून वर आल्या, पदराने तोंड पुसलं, पाणी प्यायल्या.

“राब भाजून ठिवलाय,” त्या म्हणाल्या. राब म्हणजे रोपं करण्यासाठी पालापाचोळा जाळून तयार केलेली जागा. “माझं भात न्यायला आले. भोपळ्याला उंदरानं भोक पाडलं, येक दाणा नाय ठिवला. म्हनलं, चिंता नाय. नाशकात आपलं हाय.”

“आहे की!” सर उत्साहाने म्हणाले. “मावशी, तुमचं भात आता मरायचं नाही.” आणि प्रिंटर सुरू केला.

मी फ्रिज उघडला. चाळीस होती. बेचाळीस होती. मी खालचे तिन्ही कप्पे बाहेर काढले. मग मामांना हाक मारली.

“एकेचाळीस?” मामा म्हणाले. “टेबलावर हुती ती? ती कुटली ना म्याडम, दुसऱ्या फेरीला. सर म्हनले, पहिला माल कमी पडला, आणखी कुटा. मी रजिस्टर बघितलं. फ्रिजात ठिवल्याची खूण हुती. म्हनलं, मग ही जास्तीची असंल.”

मामांनी रजिस्टर बघून काम केलं होतं. मीच त्यांना तसं शिकवलं होतं.

“कुटली?” मावशींनी विचारलं. “म्हंजी तांदूळ काढला?”

“नाही,” मी म्हटलं. “पीठ.”

“आन खाल्लं कुणी?”

“कुणी नाही. त्यातून… त्याची माहिती काढली.”

मावशींनी पाण्याचं भांडं खाली ठेवलं. “कुणी खाल्लं बी नाय?”

मी तोंड उघडणार तेवढ्यात सर मध्ये आले. “चूक माझी आहे,” ते म्हणाले. “मी कुटायला सांगितलं.” हे खरं होतं, पण अर्धंच. माझ्या खुणेचं मी सांगितलं नाही. सरांनी तो छापलेला कागद मावशींच्या हातात दिला. ओळीच्या ओळी, ए टी जी सी. मावशींनी त्यावरून अंगठा फिरवला, कागद उलटा करून मागची बाजू पाहिली.

“ह्ये पेरू कसं?”

 सर बोटं स्वेटरला पुसत उभे राहिले.

मावशी ओरडल्या नाहीत. कागदाची घडी घालून कमरेला खोचली. निघताना स्टँडमधल्या नळ्यांकडे पाहून म्हणाल्या, “आमची माणसं ते भात जिथं हाय तिथं जातील. ती काय घर बघत नायत. आता तुमच्याकडं यायची. पान वाढत जा त्यांना.”

आमचा ‘पान’ हा शब्द त्यांना ठाऊक असण्याचं काही कारण नव्हतं.

पुढच्याच फेरीत, तपासताना, गोल काढलेल्या नळीच्या जागी रेघ दिसली, म्हणजे तिच्यात कुणाचातरी डीएनए होता. फिकी, पण स्पष्ट. मी म्हटलं, सरमिसळ. नळी वाचायला पाठवली. एकेचाळीसची अक्षरं परत आली, तिन्ही वेगळी अक्षरं जागच्या जागी.

मी यादी केली. पाणी, नळ्या, रसायनं, खल, टेबल, पंखा, एसीची जाळी, मामांचे हात, माझे हात. एकेक बदललं, धुतलं, फेकलं आणि यादीतून खोडलं. रेघ येतच राहिली. द्राक्षांच्या फेरीत सुद्धा, कारण सर वापरत तो तुकडा सगळ्याच झाडांमध्ये असतो. पिंपळगावचे अण्णा अहवाल न्यायला आले तेव्हा उशीर का झाला ते मला सांगावं लागलं.

“माझ्या बागेत भात?” ते हसत सुटले. “मॅडम, सोयरे म्हणतील, अण्णानं द्राक्षं मोडून राब भाजला!”

हसता हसता ते थांबले. आत सर वाचत होते. पण आता त्यांचं वाचन बदललं होतं. रोज एक वाजता, फक्त एकेचाळीस, आणि नळ्यांच्या स्टँडकडे तोंड करून. मधेच ते थांबत, समोरच्याने घास गिळावा म्हणून थांबतात तसे, आणि पुढे जात. अण्णांनी त्या दिवशी चहा घेतला नाही.

मी दर आठवड्याला रेघेची नोंद ठेवू लागले. फिकी, मध्यम, ठळक. कापणीचे दिवस आले आणि सलग तीन आठवडे ‘ठळक’ लिहावं लागलं. मामांनी ते पान पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून ते डबा खायला खाली दुकानाच्या पायरीवर जाऊ लागले.

जानेवारीत सर दोन दिवस पुण्याला गेले. ती फेरी मी एकटीने केली. गोलाची नळी कोरी होती. मी लगेच दुसरी केली. कोरी. सर आले आणि पुढच्या फेरीत रेघ परत आली. माझ्या यादीत एकच गोष्ट खोडायची राहिली होती.

“सर, स्वेटर धुवायला द्या,” मी म्हटलं. “दुसऱ्या फेरीचं पीठ तुम्ही खलातून काढलं आणि हात त्याला पुसले. सगळं त्यातून येतंय.”

“मला माहीत आहे.”

“कधीपासून?”

“ऑगस्टपासून.” त्यांनी दोन्ही हात खिशांवर ठेवले. “धुतला की संपलं, यादीबाई. जगात तेवढंच उरलंय ते.”

मजकूर उतरवून पाकीट फेकणारा हा माणूस. तोवर त्यांच्या टेबलाखाली टपालाच्या पाकिटांचा ढीग साठायला लागला होता. एकही फाडून टाकलेलं नव्हतं.

पुढे फेरीच्या दिवशी सर जिन्यात बसत आणि नळ्या मी भरत असे. अहवाल बिनचूक जाऊ लागले. पण दर फेरीनंतर ते एक जास्तीची नळी मागून घेत, गोल काढलेली, आणि आपल्या टेबलावर उघडी ठेवत.

दर वर्षी कापणीला ते डोंगरात जात. सुरगाणा, पेठ, पलीकडे गुजरातच्या हद्दीपर्यंत. काळपट तुसाचं भात दिसलं की मूठभर घेत. आता मोजून अर्धं कुटायचं, आणि उरलेलं माझ्यासमोर फ्रिजमध्ये. नमुने तीनशेच्या वर गेले. प्रत्येकाचं उत्तर सारखं. तीनपैकी दोन अक्षरं जुळायची, तिसरं नाही. सीडी आली की सर मला हाक मारत, “या, निराश व्हायला या.”

२००६ मध्ये मीही त्यांच्याबरोबर गेले. मावशींच्या अंगणात दुपारी नव्या भाताचं जेवण होतं. घरची दहाबारा माणसं पंगतीला बसली. मावशींनी सरांना भिंतीजवळ बसवलं आणि त्यांच्या शेजारी एक पान मांडलं. त्या पानावर काहीच वाढलं नाही. वाढणाऱ्या सुनेने त्याला पदर लागू न देता वळसा घातला. पोरंही त्या बाजूने धावली नाहीत.

“हे कुणाचं?” मी हळूच विचारलं.

“सरांसंगं आल्यात त्यांचं,” मावशी म्हणाल्या. पाहुण्यांबद्दल सांगावं, तसं सहज.

मी व्यवहारी बाई आहे. मी त्या पानाकडे बघत बसले आणि मनात नोंद करत राहिले: वारा नाही, सावली नाही, मुंग्या नाहीत. जेवण उरकेपर्यंत काही झालं नाही. फक्त सर जेवताना डावीकडे थोडे सरकले. शेजारी दाटीवाटीने माणसं बसली की आपण सरकतो, तेवढेच.

उठताना मावशी म्हणाल्या, “सर, त्यो स्वेटर ठिवून जा हितं.”

सरांचे हात खिशांवर गेले.

“बरं. मग तुमीच आणत जा,” त्या म्हणाल्या. “दर साली. ईसरू नका. उपाशी ठिवू नका.”

परतीच्या जीपमध्ये मी ठरवलं की खरं सांगायचं. पुडी माझ्या खुणेमुळे गेली. वणी येईपर्यंत वाक्य तयार केलं. सर खिडकीबाहेर बघत म्हणाले, “तुमची खूण मी त्याच दिवशी पाहिली होती. मला सांगून काही उपयोग नाही. त्यांना सांगा.” आम्ही वणीला उतरलो. सुरगाण्याकडे जाणारी जीप समोरच भरत होती. मी नाशिकच्या गाडीत चढले.

सर २००८ च्या पावसाळ्यात गेले. आजार लांबला नाही. त्यांच्या बहिणीने मला प्लास्टिकची पिशवी आणून दिली, तीन गाठी मारलेली. वर सरांच्या अक्षरात: ‘४१. यादीबाईंकडे.’

“दवाखान्यातही अंगातून काढू देत नव्हता,” त्या म्हणाल्या. “म्हणायचा, ती माणसं कुठे जातील?”

उजव्या खिशाच्या शिवणीत बोटाला बारीक काहीतरी लागतं. पिशवीच्या बाहेरूनही कळतं. दाणा असेल, नाहीतर लोकरीची गाठ. शिवण उसवली की कळेल. मी उसवलेली नाही. दाणा असला तरी तो माझा नाही, आणि इतक्या वर्षांनी उगवेल की नाही ते ज्याचं बी त्यानेच पाहावं.

पिशवी घरी कपाटात आहे. वरच्या फळीवर. गाठी सोडलेल्या नाहीत. पण ती घरी आली त्यानंतरच्या महिन्यात प्रयोगशाळेत नव्याने लागलेल्या मुलीने मला हाक मारली. “मॅडम, ब्लँकमध्ये रेघ येतेय. पाणी बदलू का?” ती फेरी मी भरली होती. मी तिला नको म्हटलं. पुढच्या फेऱ्या तिच्याकडे दिल्या आणि स्वतः जिन्यात जाऊन बसले. नळ्या कोऱ्या यायला लागल्या.

त्या वर्षी कापणीला सुरगाण्याला कुणीच गेलं नाही. माझ्या यादीत ते काम होतं. ‘४१, परत करणे. पुडीचं खरं सांगणे.’ एका आठवड्यातून पुढच्या आठवड्यात, जुन्या डायरीतून नव्या डायरीत मी ते उतरवत राहिले. कापणीच्या त्या तीन आठवड्यांत घरी जेवायला बसलं की मला डावीकडे थोडं सरकावंसं वाटायचं. मी सरकले नाही. टेबलाची ती बाजू भिंतीला लावून टाकली.

यंदा परवा फोन आला. मावशींची सून, कुणाच्यातरी मोबाइलवरून.

“म्याडम, सासू इचारती. नवं भात निघालंय, रविवारी जेवण हाय. गेल्या साली पान मांडलं आन कुणी आलंच नाय. दिवसभर तसंच ठिवलं हुतं. आवंदा मांडायचं का नको, तेवढं सांगा.”

“मावशी कशा आहेत?”

“बसून असती. डोळ्याला दिसत नाय आता. पर भोपळे हात लावून वळखती. काळ्या चिंधीचा रिकामा हाय, त्यो बी काढू देत नाय.”

मी म्हटलं, “कळवते.”

दिंडोरी नाक्यावरून सकाळी सातची गाडी, वणीला जीप, पुढे चालत पाऊण तास. हे सगळं मी लिहून काढलं आहे. पिशवी वरच्या फळीवरून खाली घेऊन दाराजवळच्या खुर्चीवर ठेवली आहे. आज शुक्रवार. सुनेला अजून फोन केलेला नाही.